एक दाबा, दोन दाबा... पण फोन पोचतो कुठे?

मैत्रिणींनो, पाण्याचा फिल्टर गळायला लागला किंवा वॉशिंग मशीन कपड्यांसकट अडून बसलं, की आपण काय करतो? कंपनीचा नंबर लावतो. तिकडून गोड आवाज येतो, "मराठीसाठी एक दाबा." दाबलं. "तक्रारीसाठी दोन दाबा." तेही दाबलं. मग "पिनकोड टाका", मग "कृपया प्रतीक्षा करा" आणि ते न संपणारं संगीत! एवढं करून दोन दिवसांनी भलत्याच गावाहून मेकॅनिकचा फोन येतो, "ताई, तुमचं गाव माझ्याकडे येत नाही."

चिडचिड होणारच. "मशिनला काय कळतंय!" असं म्हणून आपण गल्लीतल्याच कुणालातरी बोलावतो आणि वॉरंटी असून पदरचे पैसे मोजतो. पण हे यंत्र आपला फोन कुठे पाठवायचा ते ठरवतं कसं, हे एकदा समजून घेतलं तर बराच मनस्ताप वाचतो.

फोनचं बटण दाबलं की दोन सूर एकदम वाजतात. प्रत्येक आकड्याची सुरांची जोडी वेगळी. पलीकडचं यंत्र ते सूर ऐकून आकडा ओळखतं. मग ते प्रामुख्याने तीन गोष्टी बघतं. फोन कोणत्या नंबरवरून आला, कोणती बटणं दाबली आणि वेळ काय झाली. त्यावरून ते ठरवतं की हा फोन कोणत्या शाखेत वाजवायचा. तिथं कुणी उचलला नाही तर दुसरीकडे वाजवायचा आणि रात्र असेल तर निरोप नोंदवून ठेवायचा. कंपनीच्या वीस गावांत शाखा असल्या तरी आपल्यासाठी नंबर एकच!

फोन आपोआप जोडणाऱ्या यंत्राचा जन्मही एका व्यावसायिकाच्या वैतागातूनच झाला म्हणे. अमेरिकेत कॅन्सस सिटीला आल्मन स्ट्राउजर नावाचे गृहस्थ होते. अंत्यविधीची सगळी व्यवस्था करून देणं हा त्यांचा व्यवसाय. त्या काळी एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला सांगूनच फोन जोडून मिळे. तिथली ऑपरेटर त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि स्ट्राउजर यांच्यासाठी आलेले फोन ती खुशाल नवऱ्याच्या दुकानात जोडून देई, अशी कहाणी सांगितली जाते. १८९१ साली त्यांनी आपोआप फोन जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. फोन कुठे जातो यावर कुणाचं तरी पोट अवलंबून असतं, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

पिनकोडच का विचारतात?

पूर्वी लँडलाइन होते तेव्हा गाव आपोआप कळायचं. ०२१६२ म्हटलं की सातारा, ०२३१ म्हटलं की कोल्हापूर. मोबाइलचं तसं नाही. नंबर पाहून फार तर राज्याचा अंदाज येतो. २०१५ पासून तर देशात कुठेही जुनाच नंबर ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे तो अंदाजही बेभरवशाचा झाला. म्हणून यंत्र पिनकोड विचारतं.

हा पिनकोड मुळात पत्रांसाठी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. आणि तो तयार करणारे होते आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर! पहिला आकडा देशातला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस.

पण टपालाचा हिशेब वेगळा आणि मेकॅनिकच्या मोटारसायकलचा वेगळा. ४१५ ने सुरू होणारे पिनकोड साताऱ्यातही आहेत आणि रत्नागिरीतही. कराडचा ४१५११०, चिपळूणचा ४१५६०५. आकडे शेजारी शेजारी, पण मध्ये उभा सह्याद्री आणि कुंभार्लीचा घाट! तसंच ४१६ चं. कोल्हापूर, सांगली आणि घाटाखालचं कुडाळ, सावंतवाडीसुद्धा त्यातच. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून कुणी नुसते पहिले तीन आकडे बघून गावं वाटली, की आपल्या दारात "तुमचं गाव माझ्याकडे नाही" म्हणणारा फोन येतो.

यादी होती ताईंच्या डोक्यात

बचत गटाच्या कामातून ओळख झालेल्या एक ताई आहेत. त्यांच्या घरचा फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचा व्यवसाय, दुकानं कराड, पाटण आणि चिपळूणला. अनेक वर्षं तिन्ही दुकानांचे फोन ताईच घ्यायच्या, एका हातात लाटणं आणि एका हातात फोन. कोयनानगरचा फोन आला की पाटणच्या मुलाला कळवायचं, पावसाळ्यात घाट बंद असला तर गिऱ्हाइकाला समजावायचं, कुठल्या वाडीला संध्याकाळी लाइट नसते हेही त्यांना पाठ. बिलावर मात्र नाव फक्त मालकांचं.

मग मुलानं तिन्ही दुकानांसाठी एकच नंबर घेतला. "आई, आता तू सुटलीस," म्हणाला. पहिल्याच आठवड्यात चिपळूणचे फोन कराडला वाजायला लागले, कारण गावं वाटली होती पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवर. शेवटी ताईच वही घेऊन बसल्या. पूर्ण सहा आकडी पिनकोड, त्यापुढे गाव आणि त्यापुढे कोणत्या दुकानाचा मुलगा जाणार, अशी यादी त्यांनी लिहून काढली. पहिला मेकॅनिक उचलत नसेल तर दुसरा कोण, रात्रीचे फोन कुठे, सकाळी परत फोन कुणी करायचा, तेही ठरवलं. आज त्या नंबरवर "कराडसाठी एक दाबा" म्हणणारा आवाज ताईंचाच आहे. "मशीन हुशार नाही हो, वही हुशार आहे," असं त्या हसत म्हणतात.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दुकानदाराच्या घरातल्या बाईनं फोन उचलणं याला आपण काम म्हणतच नाही. ते यंत्रावर सोपवायची वेळ आली तेव्हा कळलं, की अर्धा धंदा त्या फोनवर उभा होता. तुमच्या घरी असा व्यवसाय असेल तर यादी जरूर तुम्ही करा, पण कागदोपत्री तुमचंही नाव लावून घ्या.

"नंबर? ह्यांचा!"

आता आपल्या बाजूचं बघू. मध्यंतरी एका बैठकीत मी विचारलं, "गॅसच्या पुस्तकावर, फ्रिजच्या वॉरंटीवर नंबर कुणाचा आहे?" बहुतेकींचं उत्तर एकच, "ह्यांचा!"

आणि इथेच घोळ होतो. फोन करणार आपण, पण यंत्र ओळखणार नोंदवलेल्या नंबरला. आपल्या मोबाइलवरून लावला की आपण त्याला परक्या. मग पुन्हा सगळी माहिती सांगा. मेकॅनिक निघाला की निरोप जातो ह्यांच्या मोबाइलवर आणि हे असतात ड्यूटीवर. गॅस सिलिंडरचा डिलिव्हरी कोडही नोंदवलेल्या नंबरवरच येतो. सिलिंडर दारात आणि कोड दुसऱ्या गावात! एकटी राहणारी सासूबाई असो की नवरा परगावी असलेली सून, घरी जी असते तिचा नंबर नोंदवलेला हवा. यात मानापमान काही नाही, ती घराची सोय आहे.

एवढं लक्षात ठेवा

• बटण दाबायचं असतं तेव्हाच नेमका स्क्रीन काळा होतो! फोन कानापासून दूर घ्या, स्पीकर लावा, 'कीपॅड'वर बोट ठेवा, आकडे दिसतील.

• १८०० ने सुरू होणाऱ्या नंबरचा खर्च कंपनी करते. १८६० च्या नंबरला मात्र आपल्याला पैसे पडू शकतात.

• पूर्ण सहा आकडी पिनकोड द्या. माणूस बोलला की गाव, तालुका आणि जवळची खूणही सांगा. तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिहून ठेवा.

• नंबर इंटरनेटवर शोधू नका. तिथे भामट्यांनी खोटे नंबर पेरलेले असतात. वॉरंटी कार्ड, बिल किंवा मशीनवरचं स्टिकर बघा. "हे ॲप टाका, तुमचा स्क्रीन आम्हाला दिसू दे" असं कुणी म्हटलं तर सरळ फोन ठेवा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर कळवा.

• काही कंपन्या तक्रार बंद करण्यासाठी कोड पाठवतात. मशीन चालू होऊन डोळ्यांनी दिसल्याशिवाय तो मेकॅनिकला देऊ नका. एकदा दिला की कंपनीच्या लेखी तुमचं काम झालं!

• गॅसचा वास आला तर एक दाबा, दोन दाबा करत बसू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण चालू-बंद करू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन लावा.

• कंपनी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

या रविवारी दुपारी घरातली सगळी बिलं आणि वॉरंटी कार्डं एकदा बाहेर काढा. कोणत्या कागदावर कुणाचा नंबर आहे ते बघा आणि जिथे हवा तिथे आपला घालून घ्या.