जन्मठेप म्हणजे किती वर्षें?

नागपूर शहराच्या पूर्वभागीं नंदनवन नांवाची वस्ती आहे. इंद्राच्या उद्यानाचें नांव धारण करणाऱ्या या वस्तींत साध्या संसारी माणसांचीं घरें आहेत. रात्रीं जेवणें उरकतात, मुलांचे अभ्यास आटोपतात, आणि घरांतील कोणी वडील माणूस उठून दाराची कडी लावतो. या कृतीकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. दार बंद झालें खरें. परंतु तें पुन्हां केव्हां उघडावयाचें हें कडी लावणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें. याच शहरांत, वर्धा मार्गावर, १८६४ सालीं स्थापन झालेलें मध्यवर्ती कारागृह आहे. तेथें सूर्यास्ताच्या सुमारास कैद्यांची मोजदाद होते, त्यांस बराकींत घेतात आणि दार लावून घेतात. कडी तेथेंहि आहे, पण ती बाहेरच्या अंगास आहे.

त्या दाराआड कांहीं कैदी जन्मठेपीचे असतात. ‘जन्मठेप’ हा शब्द आपल्या कानांस इतका सरावाचा झाला आहे कीं, त्याचा अर्थ विचारण्याचें कोणास कारणच पडत नाहीं. वृत्तपत्रांत एखाद्या खटल्याचा निकाल वाचला कीं कोणीतरी म्हणतो, “म्हणजे चौदा वर्षें!” दुसरा अधिक माहीतगार असतो, तो म्हणतो, “नव्हे, वीस.” तिसरा त्याहून हुशार निघतो. तुरुंगांत दिवस आणि रात्र निराळीं मोजतात, असें सांगून तो चौदांचीं सातच करून टाकतो. हे तिन्ही हिशेब चुकीचे आहेत. जन्मठेप म्हणजे कैद्याच्या शेवटच्या श्वासापर्यंतचा कारावास. कायद्यानें दुसरा अर्थ केलेला नाहीं.

मग हे आंकडे आले कोठून? ते निव्वळ कपोलकल्पित मात्र नव्हेत. १८६० च्या दंडसंहितेच्या ५५ व्या कलमांत अशी तजवीज होती कीं, सरकारनें मनांत आणल्यास जन्मठेपीच्या ऐवजीं चौदा वर्षांहून अधिक नसेल इतकी कैद द्यावी. सरकारच्या मर्जीची ही गोष्ट लोकांच्या तोंडीं कैद्याचा हक्क होऊन बसली. वीसचा आंकडा ५७ व्या कलमांतील. गुन्ह्याचा नुसता प्रयत्न केला आणि तो फसला, तर कित्येक प्रकारांत मूळ शिक्षेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा देतां येई. आतां आयुष्याचें निम्में कसें काढावें? कोणाच्या ललाटीं किती वर्षें आहेत हें न्यायाधीशास ठाऊक नसतें. म्हणून, असा अपूर्णांक काढावयाचा असेल तेव्हांपुरती जन्मठेप वीस वर्षांची धरावी, असें कलम घातलें. २०२४ च्या १ जुलैपासून जुन्या संहितेच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. तिनेंहि ही वीस वर्षांची सोय कायम ठेवली आहे. परंतु ती सोय अंकगणिताची आहे. सुटकेशीं तिचा संबंध नाहीं.

हा खुलासा सर्वोच्च न्यायालयास १२ जानेवारी १९६१ रोजीं स्पष्ट शब्दांत करावा लागला. गांधीहत्येच्या खटल्यांत १९४९ सालीं जन्मठेप झालेला गोपाळ गोडसे त्या वेळीं कैदेंत होता. प्रत्यक्ष भोगलेलीं वर्षें आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल व कामाबद्दल मिळालेली सूट यांची बेरीज वीस वर्षांवर जाते, सबब आपणांस सोडावें, असें त्याचें म्हणणें होतें. न्यायालयानें तें मान्य केलें नाहीं. जन्मठेप ही उर्वरित आयुष्याची शिक्षा असून सरकारनें हुकूम काढून ती कमी केल्यावांचून कैदी सुटूं शकत नाहीं, असा निर्णय झाला. पुढें १९६४ सालीं सरकारनेंच त्यास मुक्त केलें. या निकालांतील गणित विचार करण्याजोगें आहे. कैद्याच्या नांवावर सुटीचे दिवस जमा होत राहतात. आज पांच, उद्यां दहा. परंतु ते वजा कशांतून करावयाचे? ज्या संख्येचा शेवट ठाऊक नाहीं, तिच्यांतून दहा वजा केल्यास बाकी काय उरते, हें उदाहरण कोणत्याहि पाटीवर सोडवितां येण्याजोगें नाहीं.

इंग्रजी अमलांत या शिक्षेचें नांव निराळें होतें. तेव्हां ती आजन्म हद्दपारी, म्हणजे लोकांच्या भाषेंत काळें पाणी. १ जानेवारी १९५६ पासून तिचें नांव बदलून आजन्म कारावास असें झालें. महाराष्ट्राला या काळ्या पाण्याची ओळख फार जुनी. वासुदेव बळवंत फडके यांस १८७९ सालीं ही शिक्षा झाली व मुंबई सरकारच्या ताब्यांतील एडन येथें त्यांची रवानगी झाली. तेथून दाराच्या बिजागऱ्या उखडून ते एकदां निसटले, पुन्हां पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं, तेथेंच त्यांचा अंत झाला. त्यांच्या बाबतींत शिक्षेचा शब्दशः अर्थ खरा ठरला. विनायक दामोदर सावरकर यांस १९१० व १९११ या वर्षीं एकामागून एक अशा दोन जन्मठेपी झाल्या. कचेरीस आंकडा हवा असतो; तेथें एका जन्मठेपीचीं पंचवीस वर्षें धरीत. दोहोंचीं पन्नास झालीं, आणि सत्तावीस वर्षांच्या तरुणापुढें सुटकेचें साल १९६० असें आलें. हें साल क्रूर होतें, उपहासासारखें होतें. पण तें साल होतें. प्रत्यक्षांत ते १९२१ सालीं अंदमानांतून परत आणले गेले आणि १९२४ सालीं अटींवर कारागृहाबाहेर आले.

साल असणें व नसणें यांतच या शिक्षेचें मर्म आहे. दहा वर्षांच्या कैद्याचा काळ उतरता असतो. त्यानें भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढली कीं त्याच्या पुढ्यांतील एक दिवस कमी होतो. जन्मठेपीच्या कैद्यानें तशाच रेघा ओढल्या तर त्या नुसत्या वाढत जातात. आपल्या पुराणांनीं नरकाचीं वर्णनें करतांना हात आंखडता घेतलेला नाहीं. उकळत्या तेलाच्या कढयांपासून काट्यांच्या वनांपर्यंत सर्व कांहीं तेथें आहे. परंतु तो नरकहि मुदतीचा आहे. पापाचा भोग सरला कीं जीव तेथून निघतो. स्वर्गाचीहि तीच गोष्ट. पुण्याची शिल्लक संपली कीं खऱ्या नंदनवनांतूनहि खालीं उतरावें लागतें. ज्या समाजानें नरकासहि शेवट ठेवला, त्यास ‘मरेपर्यंत’ हा शब्द जड वाटावा, आणि त्यानें चौदाचा आंकडा पुढें करून तो हलका करून घ्यावा, यांत नवल नाहीं.

लोकांची अशी समजूत असते कीं, तुरुंगांत माणसाचें फिरणें तेवढें बंद होतें. फिरणें बंद होतें हें खरें. पण घरांत आजारी पडून राहिलेल्या माणसाचेंहि फिरणें बंद असतें. कैद्याचें जातें तें त्याहून बारीक आहे. केव्हां उठावें, काय खावें, कोणाशेजारीं निजावें, दिवा केव्हां मालवावा, यांपैकीं एकहि गोष्ट तो ठरवीत नाहीं. घरून आलेलें पत्र त्याच्या हातीं पडण्यापूर्वीं दुसऱ्यानें वाचलेलें असतें. जन्मठेप ही सक्तमजुरीचीच शिक्षा समजावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८३ सालचा निर्णय आहे. तेव्हां विणकाम, सुतारकाम असें कांहीं काम त्याच्या वांट्यास येतें, आणि पुष्कळांस दिवसांतील तेवढाच वेळ बरा जातो. चार-दोन वर्षें असें जगून माणूस बाहेर आला तर ठरविण्याची संवय त्यास पुन्हां लागते. वीस-पंचवीस वर्षें ज्यानें एकहि दार स्वतः उघडलेलें नाहीं, तो उघड्या दारापुढेंहि कोणी हुकूम देईल म्हणून थांबतो.

दरम्यान घरचा काळ थांबलेला नसतो. पहिल्या वर्षीं मुलाकातीस आई येते, पत्नी येते, भाऊ येतो. मग भाड्याचे पैसे, शेतीचीं कामें, मुलांच्या परीक्षा असें कांहींतरी आड येऊं लागतें. कोणाचा दोष काढतां येत नाहीं. कैद्याच्या मनांत मात्र मुलगी त्याच वयाची राहते, ज्या वयाची त्यानें तिला सोडली. ती लग्नाची झाली हें त्यास कळतें, पटत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, ज्याचा खून झाला त्याच्या घरचें काय? प्रश्न अगदीं योग्य आहे. त्या घरांतील विधवेच्या दुःखास सूट नाहीं, रजा नाहीं, आणि अर्ज करण्यास कचेरीहि नाहीं. जन्मठेपीचा अर्थ समजून घेणें म्हणजे गुन्ह्यावर पांघरूण घालणें नव्हे. समाजाच्या नांवानें जी शिक्षा दिली जाते ती काय आहे, हें समाजास नीट ठाऊक असावें, इतकाच येथें हेतु.

शिवाय न्यायाची कधीं चूकहि होते. दिल्ली विद्यापीठांतील इंग्रजीचे अध्यापक प्रा. जी. एन. साईबाबा यांस गडचिरोलीच्या सत्र न्यायालयानें ७ मार्च २०१७ रोजीं जन्मठेप दिली. लहानपणच्या पोलिओनें अधू झालेले हे गृहस्थ चाकांच्या खुर्चीवांचून हलूं शकत नसत. नागपूरच्या याच कारागृहांत त्यांस ठेवलें होतें. ऑगस्ट २०२० मध्यें त्यांची आई हैदराबादेस वारली. तिच्या अंत्यविधीस जाण्याची परवानगी त्यांस मिळाली नाहीं. ऑक्टोबर २०२२ मध्यें उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्यांस निर्दोष सोडलें, दुसऱ्याच दिवशीं सर्वोच्च न्यायालयानें त्या निकालास स्थगिती दिली, आणि ५ मार्च २०२४ रोजीं नागपूर खंडपीठानें पुन्हां विचार करून, आरोप सिद्ध होत नाहीं, असें ठरविलें. ७ मार्चला, शिक्षा झाल्यापासून बरोबर सात वर्षांनीं, ते बाहेर आले. १२ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांच्या मतांविषयीं कोणाचें कांहींहि म्हणणें असो, आईच्या अंत्यदर्शनाचा दिवस कोणतेंहि न्यायालय परत देऊं शकत नव्हतें.

सुटका ठरवितें कोण? बहुधा सरकार. १९७८ सालच्या दुरुस्तीनें असा निर्बंध आला कीं, ज्या गुन्ह्यास फांशीहि सांगितलेली आहे, त्यांत जन्मठेप झालेल्या कैद्यानें प्रत्यक्ष चौदा वर्षें भोगल्यावांचून त्यास सोडूं नये. म्हणजे लोक ज्यास कमाल मर्यादा समजतात, ती कायद्यांत किमान मर्यादा आहे! चौदा वर्षांनंतर कैद्याचें प्रकरण विचारांत घेतां येतें. महाराष्ट्रांत गुन्ह्याच्या स्वरूपावरून प्रवर्ग पाडलेले आहेत, व कांहीं प्रवर्गांत चौदांहून पुष्कळ अधिक वर्षें लागतात. पोलिसांचा अहवाल, कारागृहाचा अहवाल, न्यायाधीशांचें मत असे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात. २०१५ पासून हेंहि निश्चित झालें आहे कीं, वरिष्ठ न्यायालय कांहीं प्रकरणीं सरकारच्या सुटीचें दारहि बंद करूं शकतें. सर्व देशांत असें नाहीं. पोर्तुगालनें १८८४ सालींच आजन्म कारावास रद्द केला. तरी त्याच पोर्तुगालच्या राज्यानें गोवामुक्तीच्या लढ्यांतील मोहन रानडे यांस सव्वीस वर्षांची शिक्षा ठोठावून लिस्बननजीकच्या किल्ल्यांत डांबलें, आणि गोवा स्वतंत्र झाल्यावरहि जानेवारी १९६९ पर्यंत सोडलें नाहीं. कायद्यांतून शब्द गेला म्हणून वस्तु जातेच असें नाहीं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें २०१३ सालीं म्हटलें तें अधिक विचारार्ह आहे: शिक्षा जन्माची असली तरी तिचा फेरविचार होण्याची कांहीं वाट असलीच पाहिजे.

आपल्याकडे हा विचार औंधच्या लहानशा संस्थानांत त्याच्या पुष्कळच आधीं झाला होता. १९३९ सालीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची वसाहत निघाली. मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या अभियंत्याची कल्पना, आणि भवानराव पंतप्रतिनिधींची संमति. गंभीर गुन्ह्यांच्या कैद्यांस भिंतीवांचून, शेतीच्या कामावर, पुढें बायकामुलांसह ठेवावयाचें! या प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आंखें बारह हाथ’ हा बोलपट काढला, तो बहुतेकांनीं पाहिलेला असतो. त्याचें मूळ सांगली जिल्ह्यांत आहे हें थोड्यांस ठाऊक असतें. विदर्भांत मोर्शी येथें असेंच खुलें कारागृह आहे. बंद कारागृहांत कांहीं वर्षें चांगलीं काढलेल्या निवडक कैद्यांस तेथें पाठवितात.

उरलेल्यांस असा विश्वास अनुभवावयास मिळतो तो रजेच्या दिवसांत. १९५९ च्या नियमांप्रमाणें कैद्यास संचित रजा मिळते, आणि घरीं आजार किंवा मृत्यु असल्यास अभिवचन रजा मागतां येते. रजेसाठीं नातलगानें जामीन राहावें लागतें. ज्याचीं माणसें सुटलीं त्याची रजाहि बहुधा सुटते. ज्यास ती मिळते तो कांहीं दिवस घरीं पाहुण्यासारखा राहतो, पोलिसांकडे हजेरी देतो, नातवंडांस आपली ओळख करून देतो. मग ठरलेली तारीख येते. त्यास न्यावयास गाडी येत नाहीं, शिपाई येत नाहीं. नंदनवनासारख्या एखाद्या वस्तींतील घराची कडी तो स्वतःच्या हातानें काढतो, बाहेर पडतो, आणि आपल्याच पायांनीं वर्धा मार्गावरील त्या दारापाशीं जाऊन उभा राहतो.