पुन्हां खांद्याला रायफल

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणास नाथांची यात्रा भरते, हें आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. दिंड्यांचा गजर आणि गोदेच्या घाटावरील गर्दी यांबरोबरच यात्रेच्या एका कडेला पाळणे, बांगड्यांचीं दुकानें आणि फुगे फोडण्याचे तक्तेहि असतात. तीन वर्षांपूर्वीं अशाच एका तक्त्यापुढें माझ्या भाच्यानें मला ओढून नेलें. "मामा, कॉलेजांत असतांना तुम्ही नेमबाजींत पहिले येत होतां ना?" असें तो चारचौघांत मोठ्यानें म्हणाला आणि माघार घेणें अशक्य झालें. दहा छर्‍यांत तीन फुगे फुटले. मीं बंदुकीला नांवें ठेवलीं. तक्तेवाला शांतपणें म्हणाला, "काका, माशी दिसती का तुम्हाला?"

माशी म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरण्याची खूण. ती मला खरोखरच दिसत नव्हती. बंदूक वाईट होतीच, पण माझा डोळा तिच्याहून वाईट झाला होता, आणि २८ वर्षांत तें मला कळलें नव्हतें. त्या दिवशीं घरीं येऊन मीं माळ्यावरची जुनी पेटी खालीं काढली. तेव्हांपासून ज्या चुका केल्या व ज्या थोडक्यांत टळल्या, त्यांच्या आधारें, दीर्घ खंडानंतर एअर रायफलच्या नेमबाजीकडे परतणार्‍यानें साहित्य कसें निवडावें, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

प्रथम एक भीति दूर करतों. हा खेळ केवळ तरुणांचा नाहीं. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें विश्वविजेत्या झाल्या, पण ऑलिंपिकचें दार त्यांना उघडलें तें टोकियोस २०२१ मध्यें, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं. जॉर्जियाच्या निनो सालुक्वाद्झे या बाई १९८८ पासून २०२४ पर्यंत दहा ऑलिंपिकांत उतरल्या. आणि स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनीं १९२० सालीं रौप्यपदक मिळविलें तेव्हां त्यांचें वय ७२ होतें. तेव्हां पन्नाशीच्या गृहस्थानें लाजण्याचें कारण नाहीं. लाजावयाचें असेल तर तें, खेळ सुरू होण्यापूर्वींच रायफलींचे सूचीपत्र उघडून बसण्याबद्दल! मीं नेमकें तेंच केलें. परतणार्‍या माणसाच्या मनांत पहिला प्रश्न असतो, "कोणती रायफल घेऊं?" वस्तुतः तो शेवटचा प्रश्न आहे. ज्या शरीरानें आपण खेळ सोडला तें शरीर आतां राहिलेलें नसतें, आणि ज्या नियमांखालीं सोडला ते नियमहि राहिलेले नसतात. खरेदी या दोन गोष्टींच्या मागून यावयास हवी.

डोळ्यापासून आरंभ करूं. नेमबाजाला तीन वस्तु एका रेषेंत आणावयाच्या असतात: डोळ्याजवळचें बारीक छिद्र, नळीच्या टोकावरील माशी आणि दहा मीटरवरील काळें वर्तुळ. डोळा एका वेळीं एकाच अंतरावर स्थिर होतो. म्हणून माशी स्वच्छ पहावी आणि वर्तुळ किंचित् धूसर राहूं द्यावें, हा जुना धडा आजहि खरा आहे. चाळिशीनंतर डोळ्याच्या आंतील भिंग ताठर होतें व जवळच्या वस्तूवर दृष्टि जमत नाहीं. माशी असते डोळ्यापासून सुमारें एक मीटरवर. वाचण्याचा चष्मा हातांतील पुस्तकासाठीं केलेला, लांबचा चष्मा रस्त्यासाठीं केलेला. माशी दोहोंच्या मध्यें सांपडते. एकाच भिंगांत दोन नंबर असलेला चष्मा तर अधिकच फसवा, कारण मान जराशी झुकली कीं नंबर बदलतो. यावर उपाय सोपा आहे. दृष्टितज्ज्ञाकडे जावें, एक मीटरच्या अंतराची गरज समजावून सांगावी आणि नेम धरण्याच्या डोळ्यासाठीं एकाच नंबराचें भिंग करून घ्यावें. सामान्यतः लांबच्या नंबरांत अर्धा डायॉप्टर अधिक मिळविला म्हणजे काम भागतें. रायफलीवर दुर्बीण बसविण्यास स्पर्धेंत मनाई आहे, चष्मा लावण्यास नाहीं. दुसरा डोळा मिटूं नये. चेहर्‍याचे स्नायु ताणले जातात व नेमाचा डोळाहि थकतो. त्याच्यापुढें एक लहानशी पांढुरकी पट्टी लावावी. समोरील पट्टीची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षां अधिक चालत नाहीं. माशीचें वर्तुळ पूर्वीपेक्षां थोडें मोठें घ्यावें. काळें वर्तुळ ३०.५ मिलिमीटर व्यासाचें असतें. त्याच्या भोंवतीं पांढरी कड भरपूर दिसली कीं वयस्क डोळा शांत राहतो. एवढ्या खर्चांत माझे गुण जितके सुधारले तितके पुढें कोणत्याहि खरेदीनें सुधारले नाहींत.

आतां अंगावरील कपडे. माझें जुनें जॅकेट पेटींत उत्तम स्थितींत होतें, बटणें मात्र लागेनात. ओढून ताणून लावलीं आणि वाटलें, बरेंच झालें, घट्ट जॅकेटांत शरीर अधिक स्थिर राहील! परंतु नियमाला हेंच नको आहे. जॅकेट अंगावर सैल असावें आणि नेहमींच्या बटणाच्या पुढें तें निदान ७० मिलिमीटर ओढून आणतां यावें, अशी अट आहे. कापडाची जाडी एका पदरीं २.५ मिलिमीटरपर्यंतच असावी, आणि तें किती ताठ आहे हेंहि यंत्रानें मोजतात. बुटांचे तळवे ठराविक जोरानें दाबले असतां २२.५ अंश तरी वांकले पाहिजेत. २०१३ पासून या तपासण्या बर्‍याच कडक झाल्या आहेत. म्हणून त्यापूर्वींचें जॅकेट किंवा बूट कोणी स्वस्तांत देऊं लागला तर घाई करूं नये. ज्याला स्पर्धेंत उतरावयाचें नाहीं त्यानें जुनें जॅकेट खुशाल वापरावें. पण मग त्या जॅकेटांत मिळालेल्या गुणांवर फार विसंबूं नये.

गुण मोजण्याची रीतहि पालटली आहे. आमच्या वेळीं कागदावरील वर्तुळें व पूर्ण अंक असत. सुमा शिरूर यांनीं २००४ सालीं क्वालालंपूर येथें ४०० पैकीं ४०० गुण मिळविले, तो विक्रम त्या जुन्या रीतींतील. आतां एअर रायफलींत दशांश गुण मोजतात. एका छर्‍याला अधिकांत अधिक १०.९ आणि ६० छर्‍यांना ६५४. दहाचें वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचें, टांचणीच्या टोंकाएवढें. स्त्रियांनाहि २०१८ पासून ४० ऐवजीं ६० छर्‍यांची स्पर्धा असते. याचा साहित्याशीं संबंध असा, कीं ६० छर्‍यांसाठीं सव्वा तास उभें रहावयाचें असतें. रायफलीचें वजन साडेपांच किलोपर्यंत चालतें म्हणून साडेपांच किलोचीच घ्यावी असें नाहीं. ज्याची कंबर वीस वर्षें खुर्चीवर बसून राहिली आहे त्यानें निदान एक किलो हलकी रायफल बघावी. वजन पुढें जोडतां येतें.

मग रायफल कोणती? पहिली जात स्प्रिंगची. नळी किंवा तरफ ओढून स्प्रिंग दाबावयाची, चाप ओढला कीं ती सुटते. साधी, टिकाऊ, सुट्या हवेची गरज नाहीं. परंतु छर्रा नळींतून बाहेर पडण्यापूर्वींच रायफल हिसका देते, त्यामुळें ती दर वेळीं अगदीं एकसारखी धरावी लागते. छर्‍यावांचून तिचा चाप ओढूं नये, आंतील भाग आपटून खराब होतात. दुसरी जात, दर छर्‍याला एकदां तरफ ओढून हवा कोंडण्याची. हिसका नाहीं, बाहेरची टाकी नाहीं. मात्र साठ वेळां तरफ ओढून खांदा भरून येतो. तिसरी म्हणजे आजच्या स्पर्धांत सर्वत्र दिसणारी, २०० बारपर्यंत दाबलेल्या हवेच्या नळकांड्याची. एकदां भरली कीं दोनशेंहून अधिक छर्रे सुटतात आणि खांद्याला धक्का जाणवत नाहीं. परदेशी बनावटीच्या अशा नव्या रायफलीची किंमत लाखांच्या घरांत जाते.

म्हणून परतणारा माणूस वापरलेल्या रायफलीकडे वळतो, मीहि वळलों. एका सद्गृहस्थांकडून घेतलेली रायफल दिसावयास देखणी होती, लाकूड चकचकीत, नळी निष्कलंक. नळकांड्यावर कोरलेली तारीख मात्र मीं पाहिली नाहीं. प्रत्येक नळकांड्यावर बनावटीचा महिना व वर्ष असतें आणि उत्पादक त्याला ठराविक आयुष्य देतात, बहुधा दहा वर्षांचें. माझें नळकांडें मुदत उलटून चार वर्षें झालेलें निघालें. २०० बार म्हणजे मोटारीच्या चाकांतील दाबाच्या सुमारें नव्वदपट. आणि हें नळकांडें गालापासून हातभर अंतरावर असतें. तें मीं बाजूला ठेवलें, नवें घेतलें, आणि स्वस्ताई तेथेंच संपली.

पण खरा धोका पुढेंच होता. पैठणासारख्या गांवीं एवढ्या दाबाची स्वच्छ हवा सहज मिळत नाहीं. एका परिचितानें अगदीं सद्भावनेनें सुचविलें, "दवाखान्यांतील ऑक्सिजनच्या टाकीवरून भरून घेऊं, तीहि हवाच." श्रोतेहो, हें कधींहि, कोणत्याहि परिस्थितींत करूं नये. दाबाखालील ऑक्सिजनला तेलाचा किंवा ग्रीसचा थेंब लागला तर ठिणगीवांचून भडका उडूं शकतो, आणि रायफलीच्या आंतील भागांत वंगण असतेंच. नळकांड्यांत केवळ कोरडी हवा भरावी, पाणबुड्यांच्या टाकीवरून किंवा खास हातपंपानें. हातपंपानें भरणें हा एक स्वतंत्र व्यायाम आहे. शिवाय पंपांतून ओलावा आंत जातो, म्हणून मध्यें थांबून तो बाहेर सोडावा लागतो. ज्याच्या गांवाजवळ हवा भरण्याची सोय नाहीं त्यानें दुसर्‍या जातीची, तरफेची जुनी रायफल निःसंकोच घ्यावी. पूर्वीं तिनेंच अनेकांनीं विजेतेपदें मिळविलीं आहेत. मीं हें आधीं कोणाला विचारलें असतें तर माझे पैसे वांचले असते.

दस्ता हवा तसा हलवितां येतो कीं नाहीं, हें मात्र कोणत्याहि जातींत पहावें. गालाचा आधार वर-खालीं आणि खांद्याची पट्टी मागें-पुढें सरकली पाहिजे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल टेकवावा, मग डोळे उघडावे. मान न वांकवितां दृष्टि थेट छिद्रांतून गेली तर ती रायफल आपली. कॉलेजांत आम्ही सगळे एकाच रायफलीशीं जुळवून घेत होतों आणि मानेचें दुखणें हा खेळाचाच भाग मानीत होतों.

छर्रे सपाट तोंडाचे घ्यावे. ते कागदावर स्वच्छ गोल भोंक पाडतात. दोन-तीन प्रकारचे डबे आणून रायफल टेकूवर ठेवून झाडून पहावे. एकच नळी एका डब्यावर रुसते व दुसर्‍यावर प्रसन्न होते. माळ्यावरचे जुने छर्रे फेकून द्यावे हें उत्तम. शिशावर पांढरी भुकटी धरलेली असते. ती नळीला चांगली नाहीं आणि हातांना तर नाहींच. सराव संपल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून घरांत कशाला शिवूं नये.

घरच्या सरावाला तेरा-चौदा मीटरची सलग जागा लागते. जुन्या वाड्याची ओसरी ज्याच्याजवळ आहे तो भाग्यवान. लक्ष्यामागें उतरता लोखंडी पत्रा बसवलेली पेटी, तिच्यामागें जाड भिंत, आणि मधल्या दाराला आंतून कडी. ही जागा नसेल तरी अडत नाहीं. छर्‍यावांचून नुसता नेम धरून, श्वास सोडून चाप ओढण्याचा सराव कोर्‍या भिंतीसमोर करतां येतो. स्प्रिंगची रायफल मात्र त्याला चालणार नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. उघड्यावर मात्र नको. आमच्या गांवाला लागूनच नाथसागर आहे. १९८६ पासून तेथें पक्षी-अभयारण्य आहे, हिंवाळ्यांत रोहित येतात. छर्‍याची बंदूक हातीं आली कीं मुलांचें लक्ष प्रथम तारेवरच्या पाखराकडे जातें. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तो गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी भाच्याला मीं रायफलीला हात लावूं दिला तो ही गोष्ट कबूल करून घेतल्यावरच. परवान्याचें म्हणाल तर २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें ४.५ मिलिमीटर नळीची व २० ज्यूलपर्यंत जोराची एअर रायफल परवान्यावांचून ठेवतां येते. स्पर्धेच्या रायफलीचा जोर याच्या निम्म्याहून कमी असतो. तथापि खरेदीची पावती जपावी, आणि "अधिक जोराची" म्हणून कोणी भलती बंदूक दाखवील तर तिच्या वाटेस जाऊं नये. कागदाला भोंक पाडण्यास अधिक जोर लागत नाहीं.

शेवटची एक वस्तु इतकी क्षुल्लक आहे कीं जुने खेळाडू ती हमखास विसरतात, कारण आमच्या वेळीं ती नव्हतीच. झळकत्या रंगाची नायलॉनची दोरी. रायफल पेटींतून काढल्यापासून नेम धरण्याची आज्ञा होईपर्यंत ती नळींत ओवलेली असावी लागते, आणि तिचीं दोन्हीं टोकें बाहेर दिसलीं पाहिजेत; म्हणजे नळींत छर्रा नाहीं हें लांबूनहि कळतें. पहिल्या दिवशीं मी ती न घेतांच रेंजवर गेलों, आणि माझ्या मुलीच्या वयाच्या एका पंच बाईंनीं मला नम्रपणें पेटी मिटवावयास सांगितलें. आतां ती दोरी मी पेटींत सर्वांत वर ठेवतों, चष्म्याच्या शेजारीं.