घासाची शक्ती कशी होते?

शेतावरून परतलेला मनुष्य हातपाय धुऊन भाकरीला हात घालतो आणि घटकाभराने त्याच्या अंगी पुन्हा हुशारी येते. हा अनुभव इतका नित्याचा आहे की, त्याविषयी काही विचारावे असे आपणांस वाटतच नाही. भाकरी, भात, पेज यांतील पिठूळ अंशाची पोटात द्राक्षशर्करा, म्हणजेच ग्लुकोज, बनते व ती रक्तावाटे सर्व देहात फिरते, एवढे शाळेत जाणारी मुलेही सांगतील. परंतु ही साखर पेशीच्या हाती पडल्यावर तिचे बळ कसे होते? या प्रश्नाचा उलगडा होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. ज्या घरात मधुमेहाचा रोगी आहे, त्या घरास तर हे उत्तर ठाऊक असणे फार अगत्याचे आहे. म्हणून आम्ही ते येथे थोडक्यात मांडीत आहोत.

प्रथम पावाच्या पिठाकडे वळू. गोव्यातील जुने पोदेर माडाच्या सुरेने पीठ आंबवीत असत. त्या सुरेत यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात. ते साखर खातात व तिचे मद्य आणि कर्बवायू असे दोन भाग करतात. त्या वायूनेच पीठ फुगते. फ्रान्समधील लील या शहरी 1856 साली लुई पाश्चर यांनी बिटापासून होणाऱ्या मद्यार्काचा अभ्यास आरंभिला आणि आंबणे हे जिवंत यीस्टचे कार्य होय, असे त्यांनी दाखवून दिले. जेथे जीव नाही तेथे आंबणे नाही, असे त्यांचे मत होते.

तथापि 1897 साली जर्मनीत एदुआर्द बुखनर यांनी एक नवलाची गोष्ट प्रसिद्ध केली. त्यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटले, दाबून त्याचा रस काढला आणि तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली. पाहतात तो त्या निर्जीव रसातून बुडबुडे येऊ लागले! साखर फोडण्याचे काम पेशीतील विशिष्ट द्रव्ये, म्हणजे एन्झाइमे, करतात हे त्यावरून सिद्ध झाले. बुखनर यांना 1907 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे असे आढळून आले की, आपल्या स्नायूंतही हेच काम जवळजवळ त्याच पायऱ्यांनी चालते. ग्लुकोजच्या एका कणाचे पेशीत दोन तुकडे होतात. त्यांस पायरुव्हिक आम्ल म्हणतात. या कामी प्राणवायू लागत नाही, परंतु हाती येणारी शक्तीही अल्पच असते. आपण जिवाच्या आकांताने धावतो तेव्हा स्नायू काही काळ या थोड्या मिळकतीवरही भागवितात.

खरा लाभ पुढेच आहे. पेशीच्या आत तंतुकणिका नावाची इवलीशी कोठारे असतात. पायरुव्हिक आम्लाचे तुकडे तेथे पोचले म्हणजे एका चक्रात पडतात आणि त्यांतील कर्ब हळूहळू कर्बवायू होऊन निघून जातो. तोच वायू आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो. हे चक्र हान्स क्रेब्स यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे 1937 साली कबुतराच्या स्नायूंवर प्रयोग करून शोधले. हिटलरच्या राजवटीत 1933 साली नोकरी गमावून त्यांनी मायदेश सोडला होता. त्यांचा हा लेख एका प्रख्यात नियतकालिकाने परत पाठविला. परंतु त्याच शोधासाठी त्यांना 1953 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या चक्रातून निघालेले शक्तिमान कण शेवटी प्राणवायूस जाऊन मिळतात. वाटेत त्यांच्या जोरावर तंतुकणिकेच्या पडद्यापलीकडे प्रोटॉन साठविले जातात. धरणाचे साठलेले पाणी सोडले की चक्र फिरते, त्याप्रमाणे हे प्रोटॉन परत येताना पडद्यातील एक सूक्ष्म यंत्र फिरवितात. ही धरणासारखी योजना पीटर मिचेल यांनी 1961 साली सुचविली. आरंभी अनेकांनी ती अमान्य केली, परंतु 1978 साली त्यांनाही नोबेल मिळाले.

ते यंत्र फिरून काय निर्माण होते? एटीपी नावाचे द्रव्य. शंभराची नोट घेऊन आपण भाजीच्या एका जुडीसाठी बाजारात गेलो तर अडचण होते. सुटे पैसे हवेत. ग्लुकोज ही ती नोट आणि एटीपी हे सुटे पैसे होत. साखर चुलीत टाकली तर तिची सारी शक्ती एका ज्वाळेत निघून जाईल. पेशी मात्र ती पायरीपायरीने मोडते व चिल्लर करून घेते. प्राणवायूविना ग्लुकोजच्या एका कणामागे एटीपीचे केवळ 2 कण हाती लागतात, तर प्राणवायूसह सुमारे 30. आपण श्वास का घेतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. एटीपीचा शोध 1929 साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव हे आंध्रातील भीमावरम येथे 1895 साली जन्मलेले आपले देशबांधव, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो.

आता मधुमेहाकडे वळू. स्नायूंच्या पेशींत साखर सहजी शिरावी यासाठी स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन लागते. ते नसेल तर रक्तात साखरेचा पूर असूनही पेशी उपाशी राहते. नदी दुथडी भरून वाहावी आणि घरच्या घागरीत थेंब नसावा, तशी गत होते. मग देह आपली चरबी व स्नायू जाळू लागतो, रोगी झिजतो आणि रक्तात घातक आम्ले साठतात. कॅनडातील टोरंटो येथे लेनर्ड थॉम्प्सन हा 14 वर्षांचा मुलगा या अवस्थेत मरणाच्या दारी पोचला होता. 1922 सालच्या जानेवारीत त्याला इन्सुलिन देण्यात आले आणि तो त्यानंतर तेरा वर्षे जगला.

म्हणून वाचकहो, आमचे आग्रहाचे सांगणे असे: मुलास फार तहान लागत असेल, वारंवार लघवी होत असेल आणि ते वाळत चालले असेल, तर अंगारेधुपारे न करता त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. ज्याचे इन्सुलिन चालू आहे त्याने उपास असो वा आजार, डॉक्टरांना विचारल्यावाचून ते बंद करू नये. उलट, इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण चुकविले तर रक्तातील साखर उतरते आणि मेंदूचे मुख्य अन्न तर तीच. अशा वेळी घाम सुटतो, हातपाय कापतात, बोलणे असंबद्ध होते. रोगी शुद्धीवर असून त्याला गिळता येत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात कालवून लगेच पाजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालयात न्यावे.

शिंक्यात भाकरी असली म्हणून पोट भरत नाही. ती ताटात यावी लागते. रक्तातील साखरेचेही तसेच आहे.