सुराचा आरसा आणि गुरूचा कान

गाणे शिकणाऱ्याला आपला स्वर नीट लागला की नाही, हे आजवर दुसऱ्या कोणाच्या तरी कानाकडून कळत आले. बहुधा तो कान गुरूचा असे. गुरू नसेल तेथे पेटीच्या साथीदाराचा, आणि तोही नसेल तेथे घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाचा. आता या कामी एक नवा साक्षीदार हजर झाला आहे. मोबाईल समोर ठेवून षड्ज लावावा, की पडद्यावर एक रेघ सरकू लागते. स्वर ठरलेल्या पट्ट्यात राहिला तर रेघ तेथेच स्थिरावते. चढला तर वर जाते, उतरला तर खाली घसरते. बंगळूरूच्या एका कंपनीचे 'रियाझ' हे अॅप याच जातीचे आहे. बार्सेलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २०११ साली जे संगीतविषयक संशोधन हाती घेतले, त्यातून ही कंपनी उभी राहिली. मुंबई आणि मद्रास येथील आय. आय. टी. त्या संशोधनात सहभागी होत्या.

या साधनाचे कौतुक करणारे आणि त्याच्या नावाने नाक मुरडणारे असे दोन पक्ष पडावेत, हे स्वाभाविकच आहे. परंतु यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात वस्तूंचे दोन प्रकारचे संबंध सांगितलेले असतात. चहा आणि कॉफी या पर्यायी वस्तू होत. एकीचा खप वाढला की दुसरीचा घटतो. चहा आणि साखर या पूरक वस्तू. एकीबरोबर दुसरीचीही मागणी वाढते. स्वर दाखवणारे हे यंत्र संगीतशिक्षकाला पर्याय ठरणार की पूरक, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यंत्रात नाही. ते वापरणाऱ्या संस्थांच्या धोरणात आहे.

कल्पना जुनी, किंमत नवी

स्वर डोळ्यांना दिसावा, ही कल्पना आजची नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाने 'टोनोस्कोप' नावाचे यंत्र वापरात आणले. गायकाच्या आवाजाबरोबर एक ज्योत लुकलुके आणि तिच्या उजेडात फिरणाऱ्या पिंपावरील ठिपक्यांची जी ओळ स्थिर भासे, तिच्यावरून स्वराची कंपनसंख्या वाचता येई. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये ग्रॅहम वेल्श आणि डेव्हिड हॉवर्ड यांनी शाळांतील बी. बी. सी. मायक्रो संगणकावर मुलांना त्यांचा स्वर रेघेच्या रूपाने दाखवला. आजच्या अॅपांची मूळ युक्तीही सोपी आहे. ध्वनीची लहर तिच्याच प्रतीवर ठेवून ती प्रत हळूहळू पुढे सरकवायची. ज्या अंतरावर दोन्ही लहरी पुन्हा जुळतात, तो एका कंपनाचा काळ. त्यावरून स्वर निघतो. गायकाचा स्वर परस्पर दुरुस्त करणारे 'ऑटो-ट्यून' १९९७ मध्ये बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड हे पूर्वी भूगर्भातील तेल शोधण्यासाठी लागणाऱ्या कंपनांच्या गणिताचे काम करीत, आणि तेच गणित त्यांना येथे उपयोगी पडले. मात्र स्वर दुरुस्त करणारे यंत्र आणि स्वर दाखवणारे यंत्र यांत मोठा फरक आहे. पहिले दोष झाकते, दुसरे तो उघड करते. शिकणाऱ्याच्या कामाचे आहे ते दुसरे.

तेव्हा नवे जे काही आहे, ते म्हणजे किंमत. जे साधन एके काळी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतच असे, ते आज खिशातल्या फोनवर आले आहे.

गुरूचा तास

याउलट गुरूचा तास स्वस्त झालेला नाही, आणि होणारही नाही. विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये नाट्य-संगीतादी कलांच्या अर्थकारणावरील ग्रंथात याचे कारण दाखवून दिले. कारखान्यात यंत्रामुळे तेच काम कमी माणसांत होते. पण चार वादकांची रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. अन्यत्र वेतन वाढते, त्याबरोबर कलावंताचेही वाढवावे लागते. म्हणून कला सापेक्षतः महाग होत जाते. शिष्याला समोर बसवून यमनचा गंधार घोटून घेण्याला कोणताही जवळचा रस्ता नाही.

अशा स्थितीत ज्यांना गुरू परवडत नाही, किंवा तालुक्याच्या गावी तो मिळतच नाही, त्यांच्यासाठी हे साधन मोठा आधार आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दिवसभर कचेरीत काम करून रात्री तासभर तंबोरा लावणाऱ्याला आठवड्यातून एकदा गुरू भेटतो. उरलेले सहा दिवस चुकीचा स्वरच घोटला जात असेल तर सातव्या दिवशी गुरूने काय करावे? चारचौघांत बेसूर होण्याच्या भीतीने ज्यांनी कधी तोंडच उघडले नाही, त्यांनाही हा आरसा एकांतात निमूटपणे दोष दाखवतो. रागावत नाही, हसत नाही. हा लाभ लहान नव्हे.

कोणता गंधार?

परंतु आरशावर विश्वास टाकण्यापूर्वी त्याची काच कोणी घडवली, हे पाहणे आवश्यक आहे. आपल्या संगीतग्रंथांतील प्रघाताप्रमाणे षड्ज २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप निनादणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो. पेटीवरचा, म्हणजे सप्तकाचे बारा समान भाग करून काढलेला गंधार सुमारे ३०२.४ कंपनांचा असतो. फरक अल्प, पण जाणत्या कानाला खटकणारा. पडद्यावरचा 'बरोबर'चा पट्टा पेटीच्या गंधाराभोवती आखला असेल, तर तंबोऱ्यात मिळून गाणाऱ्याला यंत्र सांगेल की तुमचा स्वर उतरला आहे!

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले. त्यांच्या मोजमापांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य होते. सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्याबरोबर त्यांनी श्रुतींची पेटीही घडवून घेतली. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तरीही घराघरांतून गाणे शिकवले ते पेटीनेच. कारण ती स्वस्त होती, टिकाऊ होती आणि सहज मिळे. शास्त्रार्थ विद्वानांनी केला, पण कान घडवले ते बाजाराने. जे साधन सर्वांत स्वस्त, त्याचा स्वर हाच कालांतराने प्रमाण स्वर होतो, हा या इतिहासाचा धडा आहे.

शिवाय आपला स्वर हा ठिपका नसून वाट आहे. दरबारीचा कोमल गंधार किंवा भैरवचा कोमल रिषभ आंदोलित असतो. तो एका जागी थांबला तर रागच बिघडेल. नझीर जयरझभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत एकच स्वर कलावंतागणिक आणि एकाच मैफलीतही वेगवेगळ्या उंचीवर लागत असल्याचे आढळले. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हान डेर मेर यांनी रागगायनाचे जे आलेख तयार केले, त्यांतही हा चढउतार स्पष्ट दिसतो. तेथे आलेख काढला आहे तो गायक काय करतो हे समजून घेण्यासाठी. त्याला गुण देण्यासाठी नव्हे. यंत्राचा हा उपयोग अनुकरणीय आहे.

डोळा आणि कान

दुसरा प्रश्न शिकण्याच्या प्रक्रियेचा आहे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पडद्याकडे पाहत गाताना शिकणाऱ्यांचा स्वर आधीपेक्षा ढळला. सुधारणा दिसली ती पडदा दूर केल्यावर. लक्ष एकच, ते डोळा आणि कान यांत वाटले गेले. हाताच्या हालचाली शिकण्यासंबंधी १९९० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही येथे बोलका आहे. ज्यांना प्रत्येक प्रयत्नानंतर चूक सांगितली, त्यांच्यापेक्षा ज्यांना निम्म्याच वेळा सांगितली, त्यांनी दुसऱ्या दिवशी ते कौशल्य अधिक चांगले टिकवले. सतत कुबडी दिली की पाय बळकट होत नाहीत. चांगला गुरू शिष्याला मधूनच थांबवतो आणि मधूनच मुद्दाम गप्प राहतो, यामागे हेच शहाणपण असले पाहिजे.

तिसरा धोका गुणांचा. मोजमापावर नियंत्रणाचा भार टाकला की ते विश्वासार्ह राहत नाही, असा विचार चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात मांडला. तो संगीताच्या परीक्षेलाही लागू पडतो. उद्या एखाद्या परीक्षा मंडळाने यंत्राचे गुण ग्राह्य धरले, तर विद्यार्थी राग शिकणार नाहीत; रेघ सरळ ठेवायला शिकतील. मींड आणि गमक यांची जोखीम मग कोण घेईल?

म्हणून काही पथ्ये आताच पाळणे इष्ट. अॅप बनवणाऱ्यांनी आपला पट्टा कोणत्या स्वरस्थानांभोवती आखला आहे, हे स्पष्ट सांगावे आणि ती बदलण्याची मुभा द्यावी. शिकणाऱ्याने आधी डोळे मिटून गावे, आपला स्वर कोठे होता याचा अंदाज बांधावा, आणि मगच पडदा पाहावा. परीक्षकाच्या खुर्चीवर यंत्राला बसवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शाळांनी हे साधन संगीतशिक्षकाच्या हाती द्यावे. त्याच्या जागी नव्हे. जागा भरण्याचा खर्च वाचवू पाहणाऱ्या व्यवस्थापनाला फोनवरचा शिक्षक फार सोयीचा वाटेल, यात शंका नाही. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात कोणाचा स्वर भीतीने उतरतो, कोणाचा घसा बसल्यामुळे आणि कोणाचा निव्वळ न ऐकल्यामुळे, हे रेघेला कळत नाही. तिघांचीही रेघ एकाच ठिकाणी येते. उपाय मात्र तिघांना वेगवेगळा लागतो. तो उपाय सांगणाऱ्या माणसाचा पगार शाळेच्या अंदाजपत्रकात राहणार की नाही, यावर या नव्या साधनाचे मोल ठरेल.