दारातल्या चपला आणि अल्बर्टोसॉरस

घरी पाहुणे आलेत. आतून नुसता गलका ऐकू येतोय. आत न डोकावता किती जण आलेत ते ओळखायचं. कसं? दारातल्या चपला बघायच्या! पण सगळ्या नाही, फक्त उजव्या पायाच्या मोजायच्या. नऊ उजव्या चपला म्हणजे आत किमान नऊ जण. किमान अशासाठी, की एखादं तान्हं बाळ कडेवर बसून आलं असेल.

डायनोसॉरची शिरगणती अशीच करतात. 1910 साली बार्नम ब्राउन हे जीवाश्मांचे शिकारी कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात रेड डीअर नदीतून होडीने हिंडत होते. एका ठिकाणी त्यांना हाडांचा हा एवढा साठा सापडला. हाडं होती अल्बर्टोसॉरसची. हा टी. रेक्सचा जरा लहान चुलतभाऊ, पक्का मांसाहारी. ब्राउननी त्यातली थोडी हाडं, मुख्यतः मागच्या पायांची, न्यूयॉर्कच्या संग्रहालयात नेली. तिथे ती पडून राहिली. ऐंशीहून जास्त वर्षं!

मग फिलिप करी या शास्त्रज्ञांनी ती पाहिली आणि चपलांचा हिशोब मांडला. किमान नऊ अल्बर्टोसॉरस! हाडांची मूळ जागा मात्र हरवली होती. 1997 मध्ये करी ब्राउनचे जुने फोटो घेऊन नदीकाठी गेले. फोटोतल्या टेकड्या समोरच्या टेकड्यांशी ताडून बघत बघत त्यांनी ती जागा हुडकली. पुन्हा खोदकाम झालं आणि आकडा किमान 12 वर गेला.

झाडाच्या खोडात असतात तशी वलयं या हाडांतही असतात. ती मोजली तर सगळ्यात लहान पिल्लू दोन वर्षांचं, आणि सगळ्यात म्हातारा 28 वर्षांचा. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचं हे अख्खं कुटुंबच म्हणायचं की! करींना वाटतं, हे प्राणी कळपाने राहायचे.

थांबा, थांबा. पूर आला की उंचवट्यावर साप, उंदीर, कुत्री सगळी शेजारी शेजारी बसतात. ती काय एका घरची असतात? अल्बर्टोसॉरसही पुराला भिऊन एका जागी आले असतील. शंका घेणारे शास्त्रज्ञ नेमकं हेच म्हणतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. ते एका जागी मेले, एवढंच हाडं सांगतात. ते एकत्र राहत होते का, याबद्दल हाडं गप्प.

मग कोणाला विचारायचं? पावलांना! मेलेला प्राणी पाण्यात वाहत जातो, पण चिखलातला ठसा जागचा हलत नाही. चीनच्या शानडोंग प्रांतात खडकावर मोठ्या शिकारी डायनोसॉरच्या पावलांच्या सहा माळा सापडल्या आहेत. जवळजवळ, समांतर, एकाच दिशेने निघालेल्या. आणि गंमत बघा, प्रत्येक ठशात बोटं दोनच! उरलेल्या एका बोटाला विळ्यासारखी नखी होती. ती बोथट होऊ नये म्हणून स्वारी ते बोट उचलून चालायची. सहा जण असे शेजारून चाललेत म्हणजे ते बहुधा सोबतीनेच निघाले असणार. शिकारीला की नुसते फिरायला, ते ठसा कसा सांगणार?

सोबत आली की भांडणंही आलीच. टी. रेक्सच्या घराण्यातल्या 202 कवट्या आणि जबडे एका अभ्यासात तपासले, तेव्हा त्यांवर 324 व्रण मिळाले. हे चावे घेणारे त्यांचेच भाऊबंद होते! छोट्या पिल्लांच्या तोंडावर मात्र एकही व्रण नाही. कवटी मोठ्यांच्या निम्मी झाली की ते दिसू लागतात. म्हणजे वयात आल्याबरोबर एकमेकांचे जबडे धरायला सुरुवात! यातले कितीतरी व्रण छान भरून आलेले आहेत. तेव्हा चावा खाल्लेले हे पठ्ठे जगले, आणि बहुधा पुढच्या मारामारीलाही हजर झाले.