पळस्पे फाट्यावरून पाहिलेली चाळीस वर्षं

जानेवारी १९८६ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर देशातला पहिला ऑटो एक्स्पो भरला. तेव्हापासूनच्या चाळीस वर्षांत कोणत्या गाड्यांवरचा पडदा वाजतगाजत उघडला, हे प्रदर्शनांच्या बातम्यांत सापडतं. त्यांतली कोणती गाडी माणसांच्या खरोखर कामी आली, हे पाहायचं असेल तर मी पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याचं नाव घेईन. मुंबईहून आलेला रस्ता इथे दुभंगतो. एक वाट खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याला जाते, दुसरी कर्नाळ्याच्या सुळक्याखालून कोकणात उतरते. भाद्रपदात, गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत इथून गाड्यांची जी रांग सरकते, ती दरवर्षी थोडी वेगळी असते. आपल्याकडचा साधा संसार त्या वर्षी कुठल्या गाडीत बसला आहे, ते तिथे उभं राहून कळतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर या रस्त्यावर खाजगी मोटारी मोजक्याच असत. कोकणात जायचं म्हणजे एसटी, आणि मोटार म्हणजे फियाट किंवा अँबॅसेडर. फियाट तर घरचीच, कारण वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याला होता. आधीची गोल पाठीची ‘डुक्कर फियाट’, मग १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, हा तेव्हाचा रिवाज होता. पनवेलला थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, मगच घाटाला हात घालायचा. घाटाच्या मध्यावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटी दिसल्या नाहीत, असं क्वचितच घडे. गाडी चालवणाऱ्याला गाडीची दुरुस्तीही थोडीफार यावी लागे. फॅनबेल्ट, प्लग, कार्ब्युरेटर हे शब्द घरातल्या बायकांनाही ऐकून पाठ झालेले असत.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि हे सगळं बदललं, असं सरसकट म्हटलं जातं. शहरापुरतं ते खरं आहे. जपानी इंजिनाची ती हलकी गाडी घाट चढताना सहसा तापत नसे, हाही मोठाच दिलासा होता. पण कोकणातल्या गावी जाणारं कुटुंब चार माणसांचं नसतं. आजी, काका-काकू, आरतीचं साहित्य, तांदळाचं पोतं, कधी घरच्या गणपतीची मूर्तीसुद्धा. मारुती ८०० मध्ये हे मावत नव्हतं. म्हणून या फाट्यावर मारुतीची ओम्नी आधी जास्त दिसू लागली आणि १९९४ नंतर पिंपरीत तयार होणारी टाटा सुमो. नव्वदच्या दशकातल्या गणपतीच्या रांगेचं चित्र माझ्यासाठी सुमोचंच आहे: टपावर ताडपत्रीने आवळलेलं सामान, मागच्या आडव्या बाकांवर एकमेकांकडे तोंड करून बसलेली पोरं.

मोटार उद्योगावरचं परवान्याचं बंधन १९९३ मध्ये उठलं. सिएलो, एस्कॉर्ट, ॲस्ट्रा अशा परदेशी नावांच्या गाड्या भराभर आल्या आणि त्यांतल्या बऱ्याच तितक्याच भराभर गेल्या. त्यांच्याबद्दल फार लिहावं असं पनवेलात काही घडलं नाही. जानेवारी १९९८ च्या एक्स्पोत टाटांनी मांडलेली इंडिका मात्र वेगळी गोष्ट होती. पुण्यात बांधणी झालेली, डिझेलवर चालणारी ही छोटी गाडी वर्षअखेरीस बाजारात आली. सुरुवातीच्या गाड्यांत तक्रारी खूप होत्या. २००१ मध्ये सुधारलेली इंडिका व्ही टू आली आणि तिचं खरं नशीब उघडलं ते टुरिस्ट गाडी म्हणून. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथल्या कितीतरी तरुणांनी कर्ज काढून एक इंडिका घेतली आणि कंपनीला लावली. सिडकोच्या भूसंपादनात शेती गेलेल्या घरांतली मुलंही त्यांत होती. चारचाकीला त्यांनी चैन न मानता रोजगार मानलं. या भागाच्या अर्थकारणात इंडिकाचं हे स्थान पुरेसं ओळखलं गेलेलं नाही, असं मला वाटतं.

त्याच १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि हार्बर मार्गाची लोकलही पनवेलपर्यंत आली. याचा मोटारींशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध जवळचा आहे. नोकरीला जायला लोकल मिळाल्यामुळे पनवेलकराची मोटार आठवडाभर इमारतीखाली उभी राहू लागली. ती काढायची ती रविवारी, लग्नाकार्याला, गावी जाताना. रोजच्या खर्चापेक्षा लांबच्या प्रवासाची सोय पाहून गाडी निवडणारं गिऱ्हाईक असं तयार झालं. पुढे सात आसनी गाड्या आणि उंच बैठकीच्या एसयूव्ही इथे इतक्या का खपल्या, याचं एक कारण मला यात दिसतं.

मग आला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. कळंबोलीपासून देहूरोडपर्यंत सुमारे ९५ किलोमीटर, दोन्ही बाजूंना तीन-तीन मार्गिका. २००० मध्ये त्याचे पहिले टप्पे खुले झाले, २००२ मध्ये तो पूर्ण झाला. आपल्या गाड्यांना आणि आपल्या हातांनाही या वेगाची सवय नव्हती. घाटात चाळीसने चालणारी माणसं एकदम शंभरावर गेली. टायर जुने, ब्रेक जुने, मागच्या सीटवर पट्टा बांधायचा असतो हे कुणाला ठाऊक नाही. १२ फेब्रुवारी २००१ रोजी भाताण बोगद्याजवळ झालेल्या अपघातात अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. वाईहून मुंबईला परतत होत्या. ‘ती फुलराणी’ रंगमंचावर पाहिलेल्या पिढीला तो धक्का अजून विसरता आलेला नाही, आणि पनवेलकरांसाठी तर तो बोगदा रोजच्या वाटेवरचा. डिसेंबर २०१२ मध्ये याच रस्त्यावर अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये राजकीय नेते विनायक मेटे. नावं माहीत असलेल्यांची ही यादी. ज्यांची नावं बातमीत दोन ओळींपलीकडे आली नाहीत त्यांची फार मोठी. २०१६ या एकाच वर्षात या मार्गावर १५१ माणसं मेली.

गेल्या चाळीस वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा बदल कोणता, असं मला विचारलं तर मी पडद्याएवढ्या डॅशबोर्डकडे किंवा आपोआप उघडणाऱ्या छताकडे बोट दाखवणार नाही. गाडी आदळली तर आतला माणूस वाचेल का, हा प्रश्न गिऱ्हाईक विचारू लागलं, हा तो बदल. तो फार उशिरा आला. २०१४ च्या आरंभी ‘ग्लोबल एनकॅप’ने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या एअरबॅगविना आदळून पाहिल्या, पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. देशभर संताप व्हायला हवा होता, तेवढा झाला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याजवळ रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, असे तारे मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. २०१९ च्या जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, नंतर शेजारच्या आसनाचीही. ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची ‘भारत एनकॅप’ चाचणी सुरू झाली. आता शोरूममध्ये ‘किती देते?’ याच्या जोडीला ‘किती स्टार?’ हा प्रश्न ऐकू येतो. मला त्याचा मनापासून आनंद आहे.

मधल्या काळातल्या दोन गाड्या एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या आणि त्यांचं नशीब अगदी वेगळं निघालं. टाटा मोटर्समध्ये गिरीश वाघ यांच्या चमूने आधी एस हा छोटा मालवाहू टेम्पो तयार केला, मग नॅनो. जानेवारी २००८ च्या एक्स्पोत रतन टाटा नॅनो घेऊन मंचावर आले तेव्हा जगभरची वृत्तपत्रं तिथे होती. पावसात स्कूटरवर भिजत जाणारं चौघांचं कुटुंब पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती, आणि ती कल्पना उदात्त होती. पण एक लाखाची गाडी घ्यायला लाखभरच लागले, हे शेजाऱ्याला कळतं, आणि मोटारीसाठी पै-पै साठवणाऱ्या माणसाला ते नको असतं. २०१८ नंतर तिचं उत्पादन थांबलं. घाटातही तिच्या ६२३ सीसी इंजिनाचा जीव थोडका पडे.

एसच्या वाट्याला असं कौतुक आलं नव्हतं. मे २००५ मध्ये ती आली, दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल, चार चाकं. लोकांनी लगेच ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली. पनवेलच्या भाजी मंडईत, तळोजा एमआयडीसीत, कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या बाहेर, उलवे-करंजाड्यातल्या नव्या इमारतींत घरसामान पोचवताना, सगळीकडे हा हत्ती दिसू लागला. तोवर हे काम तीनचाकी टेम्पो करत होते. तीनचाकीवाल्याला मुलीच्या बापाने नाही म्हणावं आणि चारचाकीवाल्याला हो म्हणावं, असंही त्या काळात घडलं. चालकाच्या स्वाभिमानाची ही बाजू कुठल्याच विक्रीच्या आकड्यात येत नाही. माझ्या मते या चाळीस वर्षांत पनवेलचं जगणं सर्वांत जास्त बदलणारं वाहन हेच.

तीनचाकीचा विषय निघालाच आहे तर मिनीडोर आणि विक्रमबद्दल लिहायलाच हवं. रायगडच्या गावागावांतून पनवेल, पेण, खोपोलीला माणसं आणणाऱ्या या सहा आसनी रिक्षा. धूर, धडधड, खचाखच भरलेली माणसं, सगळं मान्य. पण एसटी चुकली की दुसरा आधार नव्हता. पनवेलला बाजाराला येणारी कोळीण पाटीसह त्यांच्यातच बसे. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा त्या हळूहळू मागे पडल्या, त्यांच्या जागी ईको आणि इतर छोट्या व्हॅन आल्या. द्रुतगती मार्गावर तर तीनचाकींना प्रवेशच नाही. कोणत्याही मोटार प्रदर्शनात मिनीडोरला जागा मिळाली नाही, आणि या जिल्ह्याच्या दळणवळणाचा इतिहास तिच्याशिवाय लिहिता येणार नाही.

२००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरहून कमी लांबीच्या छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. आज रस्त्यावर ज्या आखूड शेपटीच्या एसयूव्ही दिसतात त्यांचा जन्म या आकड्यात आहे. डस्टर, क्रेटा, ब्रेझा, नेक्सॉन असं करत करत देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत निम्मा वाटा एसयूव्हींचा झाला. पळस्प्याच्या रांगेत तो निम्म्याहून बराच जास्त दिसतो, कारण उघड आहे. इथून पुढे इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर कितीतरी गणपती त्या खड्ड्यांतून गेले. रस्ता चांगला होत नाही म्हणून माणसं उंच गाडी घेतात. रस्त्याच्या दुरवस्थेची किंमत अशी घराघराच्या हप्त्यात वसूल होते, याचा मला राग येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्या दसऱ्याला शोरूमबाहेर पुन्हा छोट्या गाड्यांना हार दिसले, ही चांगली गोष्ट झाली.

शेवटचं मोठं वळण विजेचं. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली, त्याच महिन्यात आकुर्डीच्या बजाजने चेतक विजेवर परत आणली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने चाकणला बनणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई सादर केल्या. पनवेलकराची पहिली शंका जुनीच होती: घाट चढेल का? हिशोब करून पाहण्यासारखा आहे. पनवेल जवळजवळ समुद्रसपाटीला, लोणावळा सहाशे मीटरच्या आसपास उंच. दीड टनाची गाडी एवढी वर उचलायला अडीच युनिटच्या आसपास वीज लागते, सपाटीवर चालायला लागते त्याच्यावर. तीस युनिटच्या बॅटरीत हा आठ-नऊ टक्क्यांचा खर्च झाला. उतरताना मोटरच गाडीला रोखते आणि त्यातली बरीचशी वीज बॅटरीत परत जाते. ब्रेकही तापत नाहीत. ज्या घाटाने फियाटींना उकळवलं तो घाट या गाड्यांना सोपा जातो. २०२५ मध्ये राज्याने विजेच्या मोटारींना द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली, तेव्हापासून हिरव्या नंबरपाट्या इथे रोज जास्त दिसतात. कोकणच्या वाटेवर चार्जिंगची सोय मात्र अजून विरळच आहे आणि गणपतीच्या दिवसांत ती पुरणं अवघड.

पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईचा अधिकृत निरोप घेतला तेव्हा खूप लिहिलं गेलं. कळंबोलीतून दररोज सुटणाऱ्या ट्रेलरांबद्दल तेवढं कुणी लिहीत नाही. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यापासून चाकण-तळेगावच्या कारखान्यांचे सुटे भाग, पोलादाची गुंडाळी, कंटेनर, नव्या मोटारी वाहणारे लांबच लांब वाहक, सगळं याच ट्रकचालकांच्या हातून जातं. आपली पाच ताऱ्यांची गाडी ज्याच्या मागे जाऊन आदळते तो हाच ट्रेलर, कधी दिवे नसलेला, कधी कडेला बंद पडलेला. त्याच्या केबिनमध्ये मे महिन्याच्या दुपारी इंजिनाची धग सोसत माणूस आठ-दहा तास बसतो आणि संध्याकाळी घाटात उतरतो. २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांत वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मोटारींत वातानुकूलन रुळून कित्येक वर्षं झाली. ट्रकचालकापर्यंत ते आत्ता पोचतं आहे, तेही नव्या ट्रकपुरतं. कळंबोलीच्या तळावर आज उभे असलेले बहुतेक ट्रेलर त्या नियमाच्या आधीचे आहेत, आणि ते अजून कितीतरी वर्षं धावणार आहेत.