नेटची तार महापालिकेची असावी का?



गेल्या पावसाळ्यात आपल्या सोसायटीच्या ऑफिसातलं नेट नऊ दिवस बंद होतं, आठवतंय ना? गटारीच्या खोदकामात केबल तुटली. नेटवाले म्हणाले खोदणाऱ्याला विचारा, खोदणारा म्हणाला नेटवाल्यांना सांगा. त्या दिवसांत एनएफडीपीच्या नोंदणीसाठी आलेली माणसं तशीच परत गेली. एक अक्का तर दोनदा रोजगार बुडवून आली होती. तेव्हापासून बरेच जण विचारतात, "पाणी महापालिका देते, रस्त्यावरचे दिवे लावते, मग नेट का देत नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे समजून घ्या की नेट आता आपल्यासाठी चैन राहिलेली नाही. सप्टेंबर २०२४ पासून केंद्राचं मत्स्य खात्याचं डिजिटल पोर्टल सुरू आहे. तिथं नाव असेल तर पुढं कर्ज, विमा आणि अनुदानाची वाट सोपी होते. पण आधारचा ओटीपी आला पाहिजे आणि पान उघडलं पाहिजे. कारवारच्या बोटवाल्यांना इन्कॉईसचा समुद्राचा इशारा आणि मासळी कुठं मिळेल याचा अंदाज फोनवरच येतो. अरबैल घाट चढून येणाऱ्या गाडीतल्या मासळीचा दर गाडी हुबळीत पोचायच्या आधीच व्हॉट्सॅपवर ठरलेला असतो. ज्याचं नेट बंद, त्याला दुसऱ्यानं सांगितलेला दर घ्यावा लागतो.

आता कायद्याचं. आपल्या राज्यघटनेत टेलिफोन, तार, वायरलेस हा केंद्राचा विषय आहे. म्हणजे महापालिकेनं उद्या ठराव केला आणि घरोघरी नेट विकायला काढलं, असं होत नाही. केंद्राकडून परवाना लागतो. पण खांब, रस्त्याखालची जागा, इमारती या स्थानिक संस्थांच्या हातात आहेत. खरी ताकद तिथंच आहे.

केरळनं तेच ओळखलं. तिथल्या सरकारनं आपल्या वीज मंडळाला भागीदार केलं आणि विजेच्या खांबांवरूनच फायबर ओढली. 'केफॉन' असं तिचं नाव, ५ जून २०२३ ला तिचं उद्घाटन झालं. सुमारे ३० हजार सरकारी कार्यालयं, शाळा, दवाखाने जोडायचे आणि २० लाख गरीब घरांना फुकट नेट द्यायचं, असा बेत. फुकट जोडण्यांचा पहिला टप्पा १४ हजार घरांचा होता, तोही रखडत गेला. तरी तार सरकारच्या मालकीची झाली, हे मोठंच काम.

आता आपल्याकडं बघा. हेस्कॉमचं मुख्य ऑफिस हुबळीत आहे आणि त्यांचे खांब धारवाड, बेळगाव, हावेरी, गदगपासून थेट उत्तर कन्नडच्या किनाऱ्यापर्यंत उभे आहेत. म्हणजे उणकल तलावावर जाळं टाकणारा आणि कारवारच्या बंदरात बोट लावणारा, दोघांच्याही घरी एकाच कंपनीची वीज येते. त्याच खांबांवरून तार न्यायची म्हटली तर रस्ते खोदायलाच नको. (आणि आमच्या ऑफिसची केबलही वाचेल!)

अमेरिकेत चट्टानूगा नावाचं गाव आहे. तिथल्या शहराच्या वीज मंडळानं फायबर टाकली आणि २०१० मध्ये सगळ्या गावाला एक गिगाबिट वेगाचं नेट द्यायला सुरुवात केली. त्याच तारेनं वीज कुठं गेली हेही कळतं आणि पुरवठा आपोआप दुसऱ्या बाजूनं वळवता येतो. हे चांगलं उदाहरण. पण त्याच देशात प्रोवो नावाच्या शहरानं कर्ज काढून नेटवर्क बांधलं, चालवता आलं नाही, आणि २०१३ मध्ये गूगलला एका डॉलरला देऊन टाकलं. कर्ज मात्र गावकऱ्यांच्या बोकांडी राहिलं.

आपल्या देशातला अनुभवही काही वेगळा नाही. २०११ मध्ये केंद्रानं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरवलं, पुढं त्याला भारतनेट नाव मिळालं. कित्येक पंचायतींत तार पोचली, पेटी भिंतीवर लागली, पण दिवा पेटत नाही. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर करावी लागली, आणि तिच्यात देखभालीचा खर्च मुद्दाम धरला. होडी घेणं सोपं असतं ओ, दर वर्षी तिला डांबर लावणं अवघड. चिगरी बसचा रस्ता आपण रोज बघतोच. बांधताना सगळे असतात, सांभाळताना कोण?

म्हणून माझं मत सांगतो, पटलं तर बघा. महापालिकेनं बिलं वसूल करत आणि तक्रारी ऐकत नेट विकायला बसू नये. स्टॉकहोम शहरानं १९९४ पासून हेच केलंय. फायबर शहराच्या कंपनीची, आणि ती भाड्यानं कुठल्याही कंपनीला, एकाच दरानं. मग कंपन्यांनी आपसात गिऱ्हाईकासाठी भांडावं. त्यात आपला फायदा. नाहीतर एकाच कंपनीची तार गल्लीत असली की ती म्हणेल तो दर.

तोवर एक छोटी गोष्ट आपल्याच हातात आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रानं पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात किराणा दुकान असो की सोसायटी, कुणीही वायफाय लावून दहा-वीस रुपयांचं नेट देऊ शकतं, परवाना लागत नाही. लाईन मात्र कुणाकडून तरी घ्यावीच लागते, आणि पूर्वी त्यासाठी कंपन्या मोठे दर लावायच्या. २०२५ मध्ये ट्रायनं २०० एमबीपीएसपर्यंतच्या लाईनला घरगुती दराच्या दुपटीची मर्यादा घातली. आता हिशोब जुळू शकतो. लाईन, राउटर, इन्व्हर्टर यांचा अंदाजी खर्च काढून मी पुढच्या कमिटी मीटिंगपुढं ठेवतोय.

ज्यांची एनएफडीपी नोंदणी राहिलीय त्यांनी आधार, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला फोन घेऊन सकाळी अकराच्या आत ऑफिसात यावं. दुपारनंतर आपलं नेट फार हळू होतं.

– सचिव